ताईच्या हाडावर

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बारक्याचा नमस्कार घे. वाकून करता येत नाही, म्हणून बसल्या जागेवरून करतो आहे, आणि तोही उजवा पाय उशीवर चढवून, तळवा थेट दाराकडे करून. लहानपणी असा बसलो असतो तर तू कान पिरगाळला असतास.

फोनवर मी सांगतो ती खुशाली तुला खरी वाटत नाही, म्हणून कागदावर लिहून पाठव, असा तुझा हुकूम झाला. "फोनवर तू माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलतोस," म्हणालीस. ते अगदीच खोटं नाही. सगळं आयुष्य माणसांच्या मागे उभं राहून आरशात बघून बोलण्यात गेलं. सरळ तोंडाकडे बघून बोलायची सवयच राहिली नाही. कागदाला आरसा नसतो, तेव्हा बघू कसं जमतंय.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तुझं हाड आता माझ्या घोट्यात आहे. हे वाक्य मी तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही त्यांचं ऐकाल तरी." तुला हे कळवायलाच हवं, म्हणून लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. वर नडगीचं हाड, खाली टाचेचं, आणि मध्ये एक छोटं हाड असतं, ज्याच्यावर सगळा देह डोलतो. दुकानाच्या पायरीवरून पडलो तेव्हा माझ्या त्या मधल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि ते आतल्या आत मेलं. खडूसारखा भुगा झाला म्हणे. ते काढून नडगी सरळ टाचेवर बसवली असती तर पाय दोन बोटं आखूड झाला असता. म्हणून मधली जागा भरायला दुसऱ्या कुणाचं तरी मोठं हाड हवं होतं. आणि नेमका त्याच सुमारास तुझा खुब्याचा सांधा बदलायचा होता. खुब्यातला तो गोळा एरवी फेकूनच देतात. तू काय म्हणालीस ते डॉक्टरीणबाई अजून सगळ्यांना सांगतात: "फेकता कशाला, बारक्याला द्या. तो लहानपणापासून माझ्या उष्ट्यावरच वाढलाय."

तुझ्या गावच्या हॉस्पिटलात हाड जपून ठेवायची सोय नव्हती. तुझा तिथला नंबर लागलेला होता, तो सोडून तू इथल्या हॉस्पिटलात पुन्हा शेवटून रांगेत उभी राहिलीस. त्यात जवळजवळ वर्ष गेलं. मग तुझा गोळा काढून गोठवून ठेवला, काही महिन्यांनी तुझं रक्त परत तपासलं, आणि आता कुठे तो माझ्यात आला. त्या वर्षात तू काय सोसलंस ते तू सांगितलं नाहीस, आणि मीही खोदून विचारलं नाही.

आता माझ्या पायात काय काय आहे ते ऐक. टाचेच्या खालून वर एक सळई घातली आहे. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नमुन्याची एक असते, ती मी हातात घेऊन पाहिली. जाड पेनाएवढी, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत येईल इतकी लांब. ती माझ्या टाचेतून शिरते, तुझ्या हाडातून जाते आणि माझ्या नडगीत थांबते. वर-खाली आडवे स्क्रू मारून ती पक्की केली आहे. मी म्हटलं, "मग आता चिंताच नाही, पोलादाचा पाय झाला." त्यावर त्या म्हणाल्या, "सळई नुसती धरून ठेवते. हाड जुळलं तर तिला पुढे काही काम नाही. नाही जुळलं तर एक दिवस स्क्रू तरी तुटतील नाहीतर सळई. धातूही थकतो."

तुझं हाड तसं जिवंत नाही. इमारतीला परांची बांधतात तसं ते आत बांधून ठेवलं आहे. माझं हाड वरून आणि खालून त्यात हळूहळू शिरणार आणि त्याला आपलंसं करणार. तोवर तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही, अंगठासुद्धा नाही. तू निघताना दारातून शिट्टी वाजवावी तसं ओरडून हेच सांगितलंस, ते गल्लीत सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यामुळे आता पाय टेकवला तर किराणावालासुद्धा हटकेल.

पाय कुठल्या कोनात पक्का करायचा हे ठरवायला त्यांनी ऑपरेशनच्या आधी मला उभं केलं आणि त्यांच्या मदतनिसाची खोटी दाढी करायला लावली. मी कसा उभा राहतो ते वाकून वाकून पाहिलं. काटकोनात, किंचित बाहेर वळलेला, असा आता तो जन्मभर राहील. वर होणार नाही, खाली होणार नाही. खुर्ची चढवायचा पायाखालचा दांडा यापुढे डाव्या पायानं दाबायचा.

गुडघा टेकवून ढकलायची एक छोटी गाडी मिळाली आहे. तिच्यावरून दुकानात जाऊन गल्ल्याशी बसतो. केस आपला जुना मिशाळ कारागीर कापतो आणि मी तोंड चालवतो. समोरचे घड्याळजी, ज्यांची दाढी मी दर शनिवारी करतो, ते म्हणाले, "बसलेला न्हावी मी पहिल्यांदाच पाहिला. बंद पडलेल्या घड्याळासारखा दिसतोस." दुखत फारसं नाही, ताई. बसायला लागतं याचाच काय तो त्रास.

तुझा खुबा कसा आहे ते खरं खरं लिही. काठी सुटली का?

तुझ्या हुकमाचा ताबेदार,
बारक्या


१६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. काठीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, पण भावोजींच्या खोकल्याबद्दल पानभर आहे. ते वाचून मला समजायचं ते समजलं.

नाही, पाय टेकवलेला नाही. पहिलं प्लास्टर निघालं. आता पट्ट्यांचा एक मोठा काळा बूट दिला आहे, अंतराळात जाणाऱ्याचा असावा तसा. आत पाय बघितला तर ओळखू येईना. बारीक, पांढरा, टाचेखाली टाक्याची खूण. घोटा हलवायचा प्रयत्न केला, सवयीनं. डोकं सांगतंय आणि पाय ऐकत नाही, असं झालं. तुझंच हाड ते, माझं कसं ऐकेल.

एक वाईट बातमी आहे. घड्याळजी गेले. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि गेले, इतकं सोपं. त्यांच्या बायकोनं तुझ्या वहिनीला बोलावून सांगितलं की शनिवारची दाढी राहिली आहे आणि तसंच त्यांना न्यायला नको. मी गेलो. दाढी केली. आणखी काय लिहू?

दुकान समोरच असल्यानं दर वेळी मान वर केली की त्यांचं बंद शटर दिसतं. आतली घड्याळं अजून चालू असतील असं उगाच वाटत राहतं. माझ्या वयाच्या माणसाला मित्र म्हणावं असं गल्लीत दुसरं कुणी उरलेलं नाही. बायको म्हणते, रडून घ्या एकदा. पण गिऱ्हाईक समोर असतं, आणि आरशात सगळं दिसतं.

बाकी दुकान बरं चाललं आहे. कारागिराचा हात चांगला आहे, फक्त कानामागची रेघ त्याला सरळ जमत नाही. मी बसल्या बसल्या सांगतो, तो हो म्हणतो आणि पुन्हा तशीच करतो. बसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन नसतं, हे मला आता पुरतं कळलं आहे. दुपारी तो आणि हल्ली दुकानात मदतीला बसणारी तुझी वहिनी जेवायला घरी जातात. तेव्हा मी एकटाच दुकान सांभाळतो. माझा डबा इथेच येतो. तेवढा वेळ जरा बरा जातो.

पायाची काळजी करू नकोस. तू आपलं बघ. व्यायाम करतेस ना? जन्मभर शाळेच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पोरांना पळवलंस, आता स्वतःला जरा चालव.

तुझा,
बारक्या


८ मे

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत. दुसऱ्यात तर नुसतं एवढंच: "जुळलं का?" शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं, मोठ्या अक्षरात.

अर्धं जुळलं.

मागच्या आठवड्यात पायाचा मोठा फोटो काढला, आडवे काप घेऊन काढतात तो. डॉक्टरीणबाईंनी काचेवर लावून दाखवला. खाली टाचेशी तुझं हाड छान धरलं आहे. वर नडगीशी मात्र एक काळी रेघ आहे, केसासारखी. त्यांनी त्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. मग म्हणाल्या, इतक्या दिवसांत ही रेघ पुसट व्हायला हवी होती, ती उलट रुंद झाली आहे. सिगारेट ओढता का, साखर आहे का, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, पाय टेकवला होतात का?

ताई, टेकवला होता. तुला मी मागे खोटं लिहिलं.

घड्याळजींच्या घरी गेलो त्या दिवशी. त्यांचा पलंग भिंतीला लागून होता. गुडघ्याच्या गाडीवर रेलून अलीकडचा गाल केला. फेस नीट लागला, वस्तराही हलला नाही. पण पलीकडच्या गालाला हात पोचेना. तिथे त्यांचा एक जुना व्रण होता, आणि त्याच्यावरून वस्तरा खालून वर घ्यावा लागतो, नाहीतर कापतं. माझ्यासोबत आलेला कारागीर दारातच उभा होता. मी सांगतो, तू कर, असं म्हणता आलं असतं. पण व्रणाबद्दल फक्त मला माहीत होतं, आणि त्यांची बायको पायथ्याशी उभी राहून बघत होती. मेलेल्या माणसाला कापलं तर रक्त येत नाही, पण खूण राहते. मी गाडी बाजूला सारली आणि दोन्ही पायांवर उभा राहिलो.

गाल झाला. मग म्हटलं आता उभाच आहे तर कानावरचे केस, भुवया, मानेची रेघ. सगळं नीट केलं. ते इतके चांगले दिसत होते की त्यांच्या बायकोनं त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शनिवारसारखे दिसतात."

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, अजून दोन महिने बघू, कधी कधी उशिरा जुळतं. बूट काढायचा नाही, वजन टाकायचं नाही.

तर असं आहे. तू वर्षभर रांगेत उभी राहून दिलेलं हाड, आणि मी ते एका दाढीसाठी पणाला लावलं. तुला काय तोंड दाखवू, हे कळत नाही. रागावलीस तरी चालेल, फक्त गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की मला लहानपणीसुद्धा जेवण जायचं नाही.

तुझा,
बारक्या


२ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मी खिशात घेऊन हिंडतो आहे. घडीवर फाटायला आलं आहे. तू लिहिलंस:

"वेड्या, रडतोस काय? चांगलं केलंस. मित्राला तसाच जाऊ दिला असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते. हाड गेलं तर गेलं, मी तरी ते घेऊन काय करणार होते? माणसासाठी उभा राहिलास, यातच मला सगळं पावलं."

तुझ्या वहिनीनं ते वाचलं आणि डोळे पुसले. दुकानात कारागिरालाही वाचून दाखवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून केस झाडायला लागला. का, ते पुढे सांगतो.

आधी बातमी. परवा परत फोटो काढला. वरचे दोन्ही स्क्रू तुटले आहेत. सळई सैल झाली आहे आणि नडगीकडचा तुझ्या हाडाचा भाग ढासळला आहे. पुन्हा ऑपरेशन करावं लागणार, याच महिन्यात. सळई काढायची, वरचं सगळं खरवडायचं, माझ्या कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन तिथे भरायचा, जाड सळई घालायची, आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचं.

आणि भावोजींचा फोन आला होता. तू बाजारात गेली होतीस तेव्हा त्यांनी केला, तुला न सांगता. मी काठीबद्दल विचारलं. ते आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ती काठी आता सुटायची नाही रे. तिकडच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, थांबू नका. थांबल्यामुळे खुब्याभोवतीचे स्नायू गेले. सांधा चांगला बसला, पण धरायला काही उरलं नाही. तुला सांगू नका म्हणाली होती." टेकडीवर पोरांच्या पुढे शिट्टी वाजवत चढणारी माझी बहीण. मी फोन ठेवला आणि तुझं पत्र खिशातून काढून परत वाचलं. चांगलं केलंस, म्हणून लिहिलं होतंस.

ताई, ते पत्र मला ठेवता येणार नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते घडलं, त्यात खोटं काही नाही. पण ते सगळं नाही. त्या दिवशी पलंगाशी पाय टेकवला तेव्हा मी दातावर दात धरले होते. आणि काहीच दुखलं नाही. अजिबात नाही. पडल्यापासून पहिल्यांदा मी दोन पायांवर उभा होतो आणि दुखत नव्हतं. घरी येताना मी मित्राच्या दुःखात होतो असं सगळ्यांना वाटलं. होतोही. पण त्याच्या खाली, तुला सांगायची लाज वाटते, मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि कारागीर जेवायला गेले. एक गिऱ्हाईक आलं. मी म्हणणार होतो, तासाभरानं या. त्याऐवजी गाडी भिंतीला लावली, बुटासकट उभा राहिलो आणि त्याची दाढी केली. खुर्चीभोवती पूर्ण फेरी मारली. आरशात मीच मला दिसलो, नेहमीच्या जागी, नेहमीच्या उंचीवर. त्यानंतर रोज. दुपारची गिऱ्हाइकं वाढली. लोकांना कळलं की त्या वेळेला मालक स्वतः करतो. मीच सांगितलं असेल. एप्रिलभर मी तेच केलं. दुपारचा वेळ बरा जातो, म्हणून मार्चमध्ये कळवलं होतं ना. तो असा जात होता.

कारागिराला माहीत होतं. एकदा तो लवकर परत आला आणि मला उभा बघून दारातूनच मागे फिरला. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानंही मला काही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनाही कळलं होतं. घड्याळजींची गोष्ट सांगून मी त्यांच्यासमोर गंभीर चेहऱ्यानं बसलो होतो, तेव्हा त्यांनी माझा बूट उलटा केला. तळव्याला खाचा असतात. प्रत्येक खाचेत केस दाबून बसले होते. काळे, पांढरे, रंगवलेले, कुणाकुणाचे. त्यांनी चिमटीनं थोडे काढले आणि टेबलावर ठेवले. "एका दाढीनं एवढं होत नाही," म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ती दाढी होती ना, केस नव्हे?" मी भुवया आणि मानेचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली, ती मी तुला लिहिली. ती कशासाठी हलवली ते लिहिलं नाही.

घड्याळजी असते तर हसले असते. म्हणाले असते, माझ्या नावावर किती दिवस खपवणार आहेस? मी त्यांच्या दाढीमागे लपलो, ताई. तुझ्यापासून, बायकोपासून. मेलेल्या माणसाला पुढे केलं, कारण त्याच्यासाठी उभा राहिलो असं म्हटलं की कुणी रागवत नाही. आणि तूही रागावली नाहीस. तू दिलीस ती माफी त्या एका दिवसाची होती. बाकीच्या दिवसांची मी मागितलीच नव्हती. तुझं पत्र या पाकिटात घालून परत पाठवतो आहे. वाटलं तर पुन्हा लिही, वाटलं तर नको.

एवढंच म्हणेन की मी आळसानं किंवा बेफिकिरीनं हे केलं नाही. बसलो की मी कुणीच उरत नाही असं वाटायचं. उभा राहिलो की मी मी असायचो. तू वर्षभर दुखणं घेऊन थांबलीस आणि मला तीन महिने नुसतं बसणं झेपलं नाही. हे लिहिताना माझं मलाच वाचवत नाही.

एक गोष्ट मात्र कळवायची आहे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सगळं काढू नका, खाली टाचेशी जे जुळलं आहे तेवढं राहू द्या. त्यांनी फोटो परत काचेवर लावला. खालच्या बाजूला तुझं हाड कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, ते मला दिसेना. त्या म्हणाल्या, "ते आता काढायचं म्हटलं तरी निघणार नाही. ते तुमचंच आहे." वाटीच्या तळाएवढं असेल. तेवढंच राहिलं तुझं.

दुकानाची किल्ली तुझ्या वहिनीकडे दिली आहे. तिला सगळं सांगितलं, आज सकाळी. ती तशीच उठली. माझा डबा दुकानात पाठवायचा नाही असं कारागिराला सांगून आली, आणि मग कालवणात मीठ घालायला विसरली.

पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर येईन, असं तू लिहिलं आहेस. येऊ नकोस, असं लिहायला बसलो होतो. त्याऐवजी लिहितो, ये. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल. मी खुर्ची फिरवून ठेवीन, आरशाकडे पाठ करून.

फक्त एक. तू येशील तेव्हा बसथांब्यापासून आमच्या दारापर्यंत काठी टेकत येशील. तो चढ आहे आणि मध्ये पायऱ्या आहेत. मला खिडकीतून सगळं दिसेल. तुझा हात धरायला धावावंसं वाटेल. मी उठणार नाही. दार उघडायलाही नाही. लोक बघतील, काय माणूस आहे म्हणतील, तुलाही वाईट वाटेल. तरी तू आत येऊन माझ्यासमोर उभी राहीपर्यंत मी हलणार नाही.

बसलेला,
बारक्या